दहापैकी साडेनऊ

सहदेवला उभ्या आयुष्यात एवढे मार्क कुणी दिले नव्हते. दहावीला गणितात शंभरपैकी सतरा, इंग्रजीत एकोणीस. दुसऱ्या खेपेला गणितात चौदा, म्हणजे वर्षभर शिकवणी लावून तीन मार्क घरचेच गेले. त्यानंतर मार्कांचा आणि त्याचा संबंध संपला तो संपलाच. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी, अमरावतीच्या फळबाजारात शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांचे कॅरेट उतरवून घेताना मोबाइलवर ‘दहापैकी साडेनऊ तरी मिळतील’ असा निरोप आला, तेव्हा त्याने तो तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि हमालाला उगाचच चहा पाजला.

मार्क त्याला मिळणार नव्हते, हे मान्य. त्याच्याकडच्या एका कॉमिकला मिळणार होते. पण वस्तू ज्याची, मार्कही त्याचेच, अशी सहदेवची साधी समजूत होती आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाची असली समजूत मोडायला आपण जाऊ नये.

सहदेवकडे दोनशे तेरा कॉमिक्स होती. सगळी हिंदी, सगळी तो अकोल्याला शाळेत होता तेव्हाची आणि सगळी एका हिरव्या लोखंडी पेटीत. ही पेटी त्याच्यासोबत अमरावतीला आली, भाड्याच्या तीन घरांतून फिरली आणि शेवटी स्वतःच्या घरात दिवाणाखाली स्थिरावली. त्याची बायको रागिणी धामणगाव रेल्वेची, नीटनेटकी बाई. तिच्या घरात जागच्या जागी न राहणाऱ्या वस्तू दोनच, एक सहदेव आणि दुसरी ती पेटी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिने विचारलं, “हे रद्दी कवा द्याची हाय?” सहदेव म्हणाला, “पुढच्या सालात पाहू.” अशा चोवीस दिवाळ्या झाल्या. प्रश्न बदलला नाही आणि उत्तरही बदललं नाही.

यंदा त्याच्या वाढदिवसाला मुलीला, करिश्माला, गंमत सुचली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी, हातात चोवीस तास मोबाइल. तिने पेटीतल्या काही कॉमिक्सचे फोटो काढून इंटरनेटवर टाकले आणि दोन दिवसांत अकोल्याहून धम्मदीप सरांचा फोन आला. धम्मदीप अकोल्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि शिकवून उरलेला सगळा वेळ जुनी कॉमिक्स गोळा करायचा. त्याच्याकडे अकराशे होती. ती तो कपाटात प्लास्टिकच्या पाकिटात, पाठीमागे पुठ्ठा घालून, उभी ठेवायचा आणि हात धुतल्याशिवाय स्वतःच्या बायकोलाही त्यांना शिवू द्यायचा नाही.

“परदेशात एक कंपनी हाये, दादा,” त्याने फोनवर समजावलं. “आपलं कॉमिक तिथी पाठवाचं. ते लोक भिंग घेऊन तपासतात. कोपरे, पाठ, पिना, पानाचा रंग, कोठी डाग हाये का, कोनं नाव लिहिलं का. मंग दहापैकी मार्क देतात अन् कडक पारदर्शक डब्बीत सील करून वापस धाडतात. डब्बीवर मार्क छापलेले.”

“म्हंजे बोर्डाची परीक्षाच झाली.”

“त्याहून कडक. तिथी चिठ्ठ्या पुरवाले कोनी खिडकीवर चढत नाही.”

सहदेव खूप हसला. मग त्याने करिश्माकरवी पेटीतल्या कॉमिक्सचे उलटसुलट फोटो पाठवले. धम्मदीपचा परत फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

“दादा, हे शिवलं कोनं?”

“मायनं.”

“सगळे?”

“सगळे.”

त्याचं असं झालं होतं की सहदेवची आई माणिकबाई फुलवाली. अकोल्याच्या जुन्या शहरात मंदिराच्या वाटेवर तिची बैठक होती. पोराच्या कॉमिकच्या पिना पावसाळ्यात गंजायच्या, पाणी चढलेली पानं सुटायची आणि पोरगं तोंड पाडून बसायचं. मग माणिकबाई चिमट्याने त्या पिना उपटून काढायची. गंजकी पिन पोराच्या बोटात घुसेल ही तिला भीती. त्यानंतर हाराच्या लांब सुईने पाठीला तीन भोकं पाडायची आणि केळीच्या खोडाचं भिजवलेलं सोपट त्यातून दोऱ्यासारखं ओवून गाठ मारायची. तिचे हार त्याच सोपटावर गुंफले जायचे. सोपट वाळलं की गाठ अशी आवळायची की मग ती कुणाच्या बापाला सुटत नसे. कसर लागू नये म्हणून मधे कडुलिंबाची चार पानंही ठेवायची. पुढे पुढे तर नवीन कॉमिक आलं की सहदेव ते वाचून स्वतःच आईच्या टोपलीशेजारी नेऊन ठेवायचा, शिंप्याकडे कापड टाकावं तसं.

“वाईट नका मानू,” धम्मदीप म्हणाला, “पन कंपनीच्या हिशोबानं भोकं पाडलेलं, पिना काढलेलं, पानावर कडुलिंबाचा डाग पडलेलं कॉमिक दीडच्या वर जात नाही. पाठवून काही फायदा नाही.”

सहदेवने वाईट मानलंच. दोन दिवस तो बाजारात गिऱ्हाइकांवर डाफरत होता. “माह्या मायच्या हाताले दीड मार्क देनारे हे कोन टिकोजीराव?” असं त्याने एकदा संत्र्याचा भाव विचारायला आलेल्या माणसाला विचारलं आणि तो बिचारा पुढच्या दुकानात गेला. आणि नवल असं, की चोवीस वर्षं त्या पेटीला रद्दी म्हणणारी रागिणीही भडकली. “सासूबाईच्या हातची शिवन पाहाले अक्कल लागते,” ती म्हणाली. “त्या भिंगात ते दिसत नसन.”

पण पेटीच्या अगदी तळाशी, पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कॉमिक होतं. दोनशे तेरावं. ते शिवलेलं नव्हतं. ‘निशाजीत का पहला वार’, अंक पहिला. निळा झगा घातलेला निशाजीत घंटाघराच्या टोकावर उभा आणि त्याच्या खांद्यावर पांढरं घुबड. या अंकाच्या सहदेवकडे दोन प्रती होत्या. एक वाचून वाचून चिंध्या झालेली, तीनदा शिवलेली. आणि ही दुसरी, कोरी करकरीत, जणू काल दुकानातून आणली. ही आपल्याकडे कशी आली हे सहदेवला काही केल्या आठवेना. “कोनाशी अदलाबदलीत आली असन,” असं त्याने ठरवून टाकलं. तिचे फोटो पाहून धम्मदीपने तो निरोप पाठवला होता. धम्मदीपच्या पुण्याच्या मित्राचं पार्सल परदेशी जायचं होतं आणि त्यात आपलं कॉमिक घालायचं तर येत्या रविवारी चार वाजेपर्यंत ते अकोल्याला त्याच्या हातात पडायला हवं होतं.

करिश्माच्या डोक्यात अर्थातच किंमत होती. मार्क मिळाले की त्याला गिऱ्हाईक मिळेल, असं तिने वाचलं होतं. सहदेवच्या डोक्यात विकणं बिकणं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात त्याचा साडू होता. चंद्रभान हे या साडूचं नाव. गणिताचा मास्तर, आणि प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, पंगतीत समोर बसून विचारणार, “काय सहदेवराव, अजून चित्रं पाहता का?” लोक हसायचे. सहदेवही हसायचा, कारण हसण्यावाचून दुसरं काय करणार? आता बैठकीच्या भिंतीवर ती पारदर्शक डबी लागेल, तिच्यावर इंग्रजी आकड्यात साडेनऊ छापलेले असतील आणि चंद्रभान चष्मा वर सारून ते वाचेल. या एका चित्रासाठी सहदेव वाटेल ते करायला तयार होता. माणसाचा अपमान म्हातारा होत नाही, हे बाकीच्यांना कळत नाही.

एकच गोष्ट त्याला टोचत होती. एकदा सील झालं की ते उघडायचं नाही. उघडलं की मार्क गेले.

“म्हंजे वाचाचंच नाही?” त्याने करिश्माला विचारलं.

“बाबा, तुमी कवा वाचलं ते? तुमच्याजवळ दुसरं हाये ना वाचाले.”

हेही खरंच होतं. पण सहदेव चहा निवेपर्यंत बशीकडे पाहत राहिला.

रविवारी सकाळी तो निघाला. कॉमिक दोन प्लास्टिक पाकिटांत, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, वरून रागिणीची जुनी शाल आणि ते सगळं पिशवीत. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, एसटीत उभ्या माणसांची गर्दी झाली, तरी त्याने ती पिशवी मांडीवरून हलू दिली नाही. शेजारच्या बाईने विचारलं, “देव हाये का त्याच्यात?” सहदेव म्हणाला, “तसंच समजा.” मग त्या बाईने खरोखर पाय आखडून घेतले.

अकोल्याला उतरून आधी आईकडे न जाता दुसरीकडे जाणं सहदेवला जमण्यासारखं नव्हतं. माणिकबाई धाकट्याकडे, योगेशकडे राहायची. योगेश बायकामुलांसह तेल्हाऱ्याला लग्नाला गेला होता. घरात म्हातारी एकटी, ओसरीवर झेंडूच्या ढिगाशेजारी पाय पसरून बसलेली. आता ती मंदिराच्या वाटेवर बसत नव्हती, ती जागा योगेश सांभाळायचा. पण सोमवारचे हार घरी बसून करायचे तिने सोडले नव्हते. दिवाळीत डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून तिला सगळं स्वच्छ दिसायचं आणि ती सगळ्यांच्या चुका काढायची.

“बारीक झाला तू,” तिने पहिली चूक काढली.

“माय, मागच्या महिन्यात जाडा झाला म्हनत होती.”

“तवा डोये नवे होते.”

सहदेवने पाणी प्यायलं, हात धुतले, दोनदा धुतले, आणि पिशवीतून कॉमिक काढलं. पाकिटातूनच तिच्यापुढे धरलं. सोपट ओवता ओवता माणिकबाईचा हात थांबला.

“हे कोठी सापडलं?”

“पेटीत होतं. तळाशी. याले परीक्षेले बसवून राह्यलो, माय. दहापैकी साडेनऊ मार्क भेटनार हायेत.”

“पन हे त म्या आनलं होतं,” माणिकबाई म्हणाली.

सहदेवला वाटलं, म्हातारीची काहीतरी गल्लत होतेय. तिने कॉमिक आणल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, दुकानं तिच्या वाटेत नव्हती आणि कॉमिकचं खूळ त्याचं एकट्याचं.

“नापास झाला तवा,” माणिकबाई म्हणाली. “तोंड लपवून मावशीकडं तेल्हाऱ्याले जाऊन बसला होता आठ दिवस. तुह्या बाबानं निरोप धाडला तवा आला वापस. त्या दिवशी सकाळी म्या टोपली तशीच ठेवली अन् स्टँडवर गेली. तेथी दोरीले शंभर पुस्तकं टांगलेले. मले काय वाचता येते? म्हटलं, पोराच्या हातात जे पाह्यलं तेच घ्याव, म्हंजे चुकाचं नाही. हा घुबडवाला म्या तुह्या हातात लय खेपा पाह्यला होता. दुकानदार म्हने, बाई, घुबड काहून नेता घरात? म्या म्हटलं, माह्या पोराले आवडते, तुमाले काय करनं हाय?”

सहदेवला ते ताट आठवलं. भाकर, वांग्याची भाजी आणि ताटाला लागून जमिनीवर ठेवलेलं काहीतरी रंगीत. वडील अंगणात पाठ करून बसलेले. घरात कुणी बोलत नव्हतं. आणि आई म्हणाली होती, “नापास झाला त झाला. जेवून घे.” तेवढंच. त्या घरात त्याच्या नापास होण्यावर एवढंच बोलणं झालं होतं.

आणि तो काय म्हणाला होता तेही आठवलं. कॉमिक उचलून, मुखपृष्ठ पाहून, सोळा वर्षांच्या घुश्शात तो म्हणाला होता, “हे त हाये माह्याजवळ.”

“मले वाटलं तुले आवडलं नाही,” माणिकबाई झेंडूचं देठ खुडत म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. होतं तसं सांगत होती. “म्हटलं चाला, चुकलं आपलं. पेटीत खालून ठेवून देल्लं.”

तेहेतीस वर्षं ज्याला सहदेव अदलाबदलीतला माल समजत होता, ती त्याच्या आयुष्यातली बहुतेक सगळ्यात मोठी भेट होती. मार्क नसताना मिळालेली. पास झालेल्या पोरांना पेढे मिळतात, घड्याळं मिळतात. नापास पोरासाठी उठून स्टँडवर जाणारी बाई अख्ख्या अकोल्यात त्या दिवशी एकच असेल. आणि तिनं आणलेल्या त्याच वस्तूला मार्क मिळवून द्यायला तो एसटीत बसून आला होता.

“बरं, काय हाये त्याच्यात?” माणिकबाईने विचारलं. “घेतलं म्या, पन मले कोनी सांगतलंच नाही.”

सहदेवने नाक पुसलं. गोष्ट त्याला पाठ होती. पाकीट न उघडता तो सांगायला लागला. एक गाव असतं, तिथे एक कालू नावाचा भामटा सगळे दिवे चोरतो. गाव अंधारात. निशाजीत गावाचा चौकीदार. त्याला दिवसा नीट दिसत नाही आणि रात्री मात्र सुईसुद्धा दिसते.

“त्याची माय कोठी हाये?”

“माय नाही त्याले. पहिल्याच पानावर मरते.”

“मंग जेवते कोठी?”

हा प्रश्न सहदेवला दोनशे तेरा कॉमिक्स वाचून कधी पडला नव्हता. “घुबड आनून देते,” त्याने ठोकून दिलं.

“चित्रात दाखव.”

“माय, सांगतो ना. मले तोंडपाठ हाये.”

“तुले पाठ हाये, मले थोडीच हाये? आता डोये चांगले झाले तं दाखव.”

तेवढ्यात फोन वाजला. धम्मदीप. “दादा, पोचले का? पार्सलवाला चार वाजता येऊन राह्यला. साडेतीनपर्यंत या. अन् पाकिटातून काढू नका बरं, हाताचा घामही लागते.”

“अं,” सहदेव म्हणाला. “मी जुन्या शहरात हाये, मायजवळ. तुमीच या इकडं.” पत्ता सांगून त्याने फोन ठेवला.

मग तो बसून राहिला. पुठ्ठ्याच्या कडेवरून त्याचा अंगठा नुसता फिरत होता. साडेनऊ. भिंतीवरची डबी. चष्मा वर सारणारा चंद्रभान. हे सगळं अजून हातात होतं, नुसतं आईला “पुढच्या सालात पाहू” म्हणायचं होतं. चोवीस वर्षं तो हे वाक्य वापरत आला होता, सवयीचं होतं. समोर माणिकबाई हातातलं सोपट बाजूला ठेवून, लुगड्याला हात पुसून, लहान पोरीसारखी सरकून जवळ आली होती. ऐंशी वर्षांची बाई. हिला पुढच्या सालात पाहू म्हणायचं?

सहदेवने पाकीट फाडलं. दुसरंही फाडलं. कॉमिक बाहेर काढलं आणि पहिलं पान उघडलं.

कोऱ्या कागदाचा वास तेहेतीस वर्षं आत कोंडून बसला होता, तो आला. सहदेवला एकदम सोळा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं, आणि या खेपेला घुस्सा नव्हता. तो वाचू लागला. हिंदीत वाचायचा आणि वऱ्हाडीत सांगायचा. माणिकबाई प्रत्येक चित्रावर बोट ठेवून विचारायची, हा कोण, ही कोण, हा रडून काहून राह्यला. सकाळपासून झेंडू हाताळलेली, सोपटाच्या पाण्याने ओली तिची बोटं पिवळीधमक होती. तिसऱ्या पानावर घुबडाच्या पोटावर तिचं बोट टेकलं आणि उचललं तेव्हा तिथे पिवळा ठसा उमटला होता, बोटावरच्या रेषांसकट.

“अगं माय!” सहदेव म्हणाला.

“काय झालं?”

“काही नाही. घुबडाले हळद लागली.”

माणिकबाई अशी हसली की तिला ठसका लागला. सहदेवने पाणी दिलं आणि पुढचं पान उलटलं. त्यानंतर त्याने ठसे मोजले नाहीत. मधलं पान आलं, निशाजीत कालूच्या गुहेत उतरतो ते मोठं चित्र. ते नीट दिसावं म्हणून त्याने कॉमिक सपाट केलं आणि आतून गंजून नुसती आकाराला उरलेली पिन कट्कन तुटली. मधली चार पानं सुटून माणिकबाईच्या मांडीवर पडली.

मग माणिकबाईने हात पुढे केला.

“सुई दे इकडं.”

सुई सहदेवच्या बाजूला, झेंडूच्या ढिगात खोवलेली होती. अजूनही त्याला नाही म्हणता आलं असतं. पानं परत घालता आली असती. धम्मदीप म्हणाला असता, साडेनऊ नाही तर चार मिळतील, पाच मिळतील. पाचसुद्धा त्याच्या आयुष्यातल्या कुठल्याही मार्कांपेक्षा जास्तच होते. सहदेवने सुई उपसली, सदऱ्याला पुसली आणि आईच्या हातात दिली.

“तीन भोकं पाड,” तो म्हणाला. “बाकीच्याइले तीनच हायेत.”

“मले शिकवू नको.”

धम्मदीप आला तेव्हा माणिकबाई शेवटची गाठ मारत होती. स्कूटर लावून, चपला काढून, हसत हसत तो ओसरीची पायरी चढला आणि तिथेच थांबला. फाटलेली पाकिटं, पिवळे ठसे, पाठीतून ओवलेलं ओलं सोपट. अकराशे कॉमिक्सचा तो मालक दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. सहदेवला त्याची खरोखर दया आली.

“बसा सर,” तो म्हणाला. “वाईट नका मानू.”

धम्मदीप बसला. मग त्याने विचारलं, “हात धुवून येऊ? पाहाले देता?” मोरीवर जाऊन त्याने हात धुतले, पुसले आणि कॉमिक हातात घेतलं. मुखपृष्ठ पाहिलं, ठसे पाहिले, मग पाठीवरच्या गाठीपाशी त्याची नजर अडकली. नखाने त्याने ती हलवून पाहिली. हलली नाही.

“फोटोत कळलं नव्हतं,” तो हळूच म्हणाला. “सोपट वाळल्यावर कागद फाटत नाही का, आजी?”

“वल्लं असताना आवळाचं नाही. वाळताना ते आपल्या मतानंच आवळते,” माणिकबाई म्हणाली. शिक्षक असून एवढं कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

“आता किती भेटतीन, सर?” सहदेवने विचारलं. त्याला उत्तर ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

धम्मदीपने प्रामाणिकपणे विचार केला. कॉमिक उलटसुलट केलं. “दीड,” तो म्हणाला.

“दीड!” सहदेव म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. दोनशे बारांना दीड आणि या एकट्याला साडेनऊ, हे त्याला आतून कुठेतरी खुपत होतंच. आता पेटीत सगळे सारखे झाले. चंद्रभानला काय सांगायचं ते पुढचं पुढे. तसंही त्याने पंगतीत विचारलं, अजून चित्रं पाहता का, तर या खेपेला सरळ हो म्हणायचं. आईसोबत पाहतो म्हणायचं.

पुन्हा फोन वाजला. करिश्मा होती. “बाबा, देल्लं का?”

“नाही देल्लं. घरी येऊन सांगतो. तुह्या आजीनं वाचलं ते.”

“आजीनं?” करिश्माने विचारलं. मग म्हणाली, “मले पन दाखवा मंग.”

माणिकबाई मघापासून दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. काहीतरी बिनसलंय आणि ते आपल्या हातून बिनसलंय, एवढं तिला उमगलं होतं.

“दीड म्हंजे कितीपैकी?” तिने विचारलं.

“दहापैकी, आजी,” धम्मदीप म्हणाला.

“मंग पास नाही होत का?”

“नाही होत, माय,” सहदेव म्हणाला.

माणिकबाईने थोडा विचार केला. मग कॉमिक उचललं, लुगड्याच्या पदराने पुसलं, मधे कडुलिंबाची दोन पानं घालायला हवीत असं काहीसं पुटपुटली आणि ते सहदेवच्या मांडीवर ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठली.

“नापास झालं त झालं,” ती स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणाली. “जेवून घ्या दोघंई.”